सहा माणसं आणि पाच खुर्च्या

मुलांनो, घरात नवी गाडी घ्यायची म्हटलं की तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारता, ते मला ठाऊक आहे. "रंग कोणता?" माझ्या चौथीच्या वर्गात मी ही बातमी सांगितली, तेव्हा चोवीस मुलांपैकी सतरा जणांनी रंगच विचारला. तिघांना छप्पर उघडणारी गाडी हवी होती, म्हणजे उसाच्या रानातून जाताना डोकं वर काढता येईल! (ते कधीही काढायचं नसतं, बरं का.) मागच्या बाकावरच्या एका मुलीनं मात्र विचारलं, "बाई, तुमच्या घरात माणसं किती?"

त्याच प्रश्नानं आमच्या घरी तीन महिने मुक्काम ठोकला होता.

आम्ही सहा जण. माझे सासरे, त्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो, वय वर्षं ७६. सासूबाई, म्हणजे आई, त्यांचे गुडघे दुखतात. आमचे हे बारामतीच्या एका कंपनीत आहेत, जायला-यायला कंपनीची बस आहे. मोठी मुलगी सहावीत, धाकटा दुसरीत. आणि मी. महाराष्ट्रात कळंब नावाची गावं बरीच आहेत. आमचं कळंब इंदापूर तालुक्यातलं, वालचंदनगरला अगदी चिकटून असलेलं. माझी शाळा वस्तीवरची, घरापासून वीस किलोमीटर. इतकी वर्षं मी स्कूटीवर जात होते. पावसाळ्यात शेवटचे तीन किलोमीटर म्हणजे काळ्या मातीचा चिखल. ऊसतोड सुरू झाली की एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारी उसाची वाढं, आणि संध्याकाळच्या अंधारात त्यांना मागे दिवा असेल-नसेल. गेल्या हंगामात दोनदा स्कूटी कडेच्या चारीत घालावी लागली. तेव्हा घरात ठरलं, आता गाडी घ्यायची.

पण कोणती? आबांचं म्हणणं सरळ होतं. गाडी उंच हवी, भक्कम हवी, मोठी हवी. घरातलं कुणी मागं राहता कामा नये.

आबांचं गाडीप्रेम जुनं आहे. वालचंदनगरच्या कारखान्यात ते फिटर होते. वालचंद हिराचंद यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १८८२ मध्ये सोलापूरला जन्मलेला हा माणूस. १९३० च्या दशकात त्यांनी आमच्या कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा केला आणि त्याच्याभोवती वालचंदनगर वसलं. याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला. पुढे तिथंच फियाट तयार होऊ लागली, आणि तिचीच 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईची ती काळी-पिवळी टॅक्सी! ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सीच्या कामातून निवृत्त झाली, त्या दिवशी आबांनी पेपरातला फोटो कापून ठेवला. "मोटार आपल्याच शेठची," असं ते अजून म्हणतात.

पण त्यांच्या मनातली खरी गाडी पद्मिनी नव्हे, जीप. आमच्याकडे जीपला एक खास नाव होतं, वडाप. एसटी चुकली की चौकात वडाप उभी असायची. आत नऊ जणांची जागा आणि बसलेले अठरा, शिवाय मागे पायरीवर लोंबकळणारे वेगळेच. १९९४ मध्ये टाटांची सुमो आली, ती आपल्या पुण्यातच तयार व्हायची. सुमंत मुळगावकर या मोठ्या इंजिनिअरांच्या नावातला 'सु' आणि आडनावातला 'मो' घेऊन तिचं नाव ठेवलं, असं सांगतात. सुमोच्या मागच्या भागात समोरासमोर दोन बाक. मग २००० मध्ये बोलेरो आली आणि २००२ मध्ये नाशिकची स्कॉर्पिओ. आबांच्या लेखी 'घरची गाडी' म्हणजे ही. बसतील की सगळे दाटीवाटीनं!

आता ह्या उंच गाड्यांना एसयूव्ही म्हणतात. स्पोर्ट युटिलिटी व्हेइकल. नाव मोठं, पण दुकानात गेल्यावर कळलं की ह्या नावाखाली अगदी वेगवेगळ्या गाड्या उभ्या असतात. काही खरोखर जीपच्या जातीच्या, जाड पोलादी सांगाड्यावर बसवलेल्या. बाकीच्या पुष्कळशा म्हणजे आपली साधी मोटारच, थोडी उंच केलेली. त्यांची फक्त पुढची दोन चाकं इंजिनानं फिरतात. काळ्या चिखलात रुतायची वेळ आली की त्याही बाकीच्या मोटारींसारख्याच रुततात! उंचीचा फायदा मात्र खरा. गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे ते महत्त्वाचं. तुमच्या कंपासपेटीतली पंधरा सेंटीमीटरची पट्टी उभी धरा. साध्या मोटारीचं पोट साधारण तिच्या थोडं वर असतं, ह्या गाड्यांचं वीस सेंटीमीटरच्या आसपास. हा चार-पाच सेंटीमीटरचा फरक आमच्या वस्तीच्या रस्त्यावर रोज उपयोगी पडणार होता.

तर दोन पक्ष पडले. एक सात खुर्च्यांच्या मोठ्या गाडीचा, दुसरा पाच खुर्च्यांच्या लहान गाडीचा. मी दुसऱ्या पक्षात. कारण रोज गाडी चालवणार होते मी, आणि रोज तिच्यात बसणार होतं एकच माणूस. तेही मीच.

मुलीनं एक युक्ती काढली. तिनं गेल्या वर्षीचं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. आमच्या घरी त्यावर सगळं लिहिलेलं असतं. दूध, गॅस, कुणाचं लग्न, कुठली जत्रा. सहाच्या सहा जण एकत्र बाहेर गेलो, अशा तारखांना तिनं लाल गोल केले. भरले अकरा. आबांना किंवा आईंना बारामतीला दवाखान्यात नेलं, त्यांना हिरवे गोल. ते निघाले सव्वीस. आणि माझ्या शाळेचे दिवस? ते निळे. २२० गोल काढता काढता तिची निळी पेन्सिल संपायला आली.

मग वर्गात हेच गणित घातलं. जाऊन-येऊन रोज ४० किलोमीटर, असे २२० दिवस. किती झाले? ८,८०० किलोमीटर. एक गाडी लिटरला १६ किलोमीटर जाते, दुसरी ११. पहिलीला ५५० लिटर पेट्रोल, दुसरीला ८००. फरक २५० लिटरचा. लिटरला १०४ रुपये धरले तर वर्षाला २६,००० रुपये! एक मुलगा म्हणाला, "बाई, एवढ्यात शेरडं येतील की!" (मोठ्या डिझेल गाडीचा हिशेब वेगळा, हे खरं. पण डिझेल गाडी घ्यायलाच महाग, आणि ती परवडते खूप फिरणाऱ्याला. माझं फिरणं तेवढं नाही.)

पेट्रोलवरून एक गंमत सांगते. आज आपण टाकीत भरतो ते नुसतं पेट्रोल नसतं. २०२५ पर्यंत त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं. इथेनॉल होतं उसाच्या रसापासून, मळीपासून, शिवाय मका-तांदळापासूनही. म्हणजे ज्या ट्रॉल्यांना मी घाबरत होते, त्यांतलाच ऊस माझ्या टाकीत! पण एक लिटर इथेनॉलमधली ऊर्जा एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश असते. त्यामुळे गाडी लिटरमागे थोडी कमी जाते. दुकानातल्या कागदावरचा आकडा आणि रस्त्यावरचा आकडा वेगळा असतोच. मी रोज त्याच रस्त्यानं जाणाऱ्या दोन ओळखीच्यांना विचारून १६ आणि ११ हे आकडे घेतले होते.

दुसरं गणित कराचं. ते ऐकून आबासुद्धा सरसावून बसले. गाडी चार मीटरपेक्षा लांब नसेल, आणि पेट्रोलचं इंजिन १,२०० घनसेंटीमीटरच्या आत असेल (डिझेलचं १,५०० च्या आत), तर २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर जीएसटी १८ टक्के. त्याहून मोठी असेल तर ४० टक्के. आठ लाख मूळ किंमत धरा. एकीवर कर १,४४,०००, दुसरीवर ३,२०,०००. म्हणून तर बाजारात कितीतरी गाड्या बरोबर ३,९९० नाहीतर ३,९९५ मिलिमीटर लांबीच्या आहेत! चार मीटरला बोटाच्या रुंदीएवढंही अंतर ठेवलेलं नाही. चार मीटरची ही रेघ २००६ च्या अर्थसंकल्पात आली, आणि तेव्हापासून गाड्यांचा आकार तिच्या आत बसवला जातो. परीक्षेत कॉपीच्या कागदाबाहेर अक्षर जाऊ न देणारी मुलं असतात ना, तशीच ही इंजिनिअर मंडळी.

आकडे सगळे माझ्या बाजूनं होते. मला वाटलं, जिंकलो.

आबा काही बोलले नाहीत. जेवून अंगणात जाऊन बसले. मग माझी मुलगी पाणी घेऊन गेली, तेव्हा तिला म्हणाले, "तुझं गोल बरोबर हायत गं. पर त्या अकरा लाल गोलांत दिवाळी हाय. जेजुरी हाय. माझ्या थोरल्या भावाचं वर्षश्राद्ध हाय. सहा माणसांचं घर आन पाच खुर्च्या? सहावा कोण, ते आधी सांगा."

तिनं आत येऊन जसंच्या तसं सांगितलं. घरात कुणालाच उत्तर देता येईना. कारण सहावा कोण, हे सगळ्यांच्याच मनात होतं. सहावा म्हणजे, "मी राहतो घरी, गुरांकडं कोण बघणार," असं जो नेहमी म्हणतो तो. निळा गोल आणि लाल गोल कागदावर सारखेच दिसतात, पण दोन्हींचं वजन सारखं नसतं. हे मला पटलं. म्हणून मी म्हटलं, "आबा, सात खुर्च्यांची गाडीही नीट बघू. तुम्ही बसून बघा. मग ठरवू."

रविवारी सगळे बारामतीला गेलो. पहिली परीक्षा माझी स्वतःची होती, आणि ती खुर्च्यांची नव्हतीच. माझी गाडी रोज शाळेच्या फाटकापर्यंत जाणार. तिथं पोरं चेंडूमागे धावत असतात. मी धाकट्याला म्हटलं, "गाडीपुढे जा आणि चेंडू उचलतोयस असा खाली वाक." गाडी बंद, किल्ली यांच्या हातात, आणि मी चालकाच्या जागी. मोठ्या गाडीच्या उंच बॉनेटपुढे माझा मुलगा दिसेचना! "मागं सरक. अजून मागं." साधारण नऊ फुटांवर गेला तेव्हा त्याची पाठ दिसली. लहान गाडीत तो सहा फुटांच्या आतच दिसला. मुलांनो, हा प्रयोग तुमच्या घरच्या गाडीवर आई-बाबांबरोबर जरूर करा. गाडी बंद ठेवून, चालकाच्या जागी मोठ्या माणसाला बसवून. उंच गाडीत बसलेल्याला लांबचं छान दिसतं, उसाच्या ट्रॉलीपलीकडचंही थोडं दिसतं, पण नाकासमोरचं दिसत नाही. त्यामुळे उभ्या गाडीच्या पुढे-मागे कधीही खेळू नका. बसलेल्याला तुम्ही दिसत असाल, असं समजून चालू नका.

दुसरी परीक्षा आईंची. त्या कारमध्ये बसायला निघाल्या की आम्ही श्वास धरतो. खाली असलेल्या सीटवर बसणं म्हणजे विहिरीत उतरणं, आणि उठताना दोघांनी ओढायचं. मोठ्या गाडीत उलटं. पायरी इतकी वर की आई म्हणाल्या, "आता पाट आणा, चौरंग आणा!" मधल्या उंचीच्या गाडीत मात्र सीट बरोबर कमरेच्या उंचीला आली. त्या पाठ करून बसल्या आणि पाय आत घेतले. एका दमात! दुकानातल्या कागदावर इंजिनाची ताकद होती, पडद्याचा आकार होता, दिव्यांचे रंग होते. सीट जमिनीपासून किती वर, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. आम्ही शिवणकामाची टेप घेऊन गेलो होतो. ते बघून तिथला मुलगा हसला, पण दुसरं टोक त्यानंच धरलं.

मग तिसरी रांग. सात खुर्च्यांच्या गाडीत आबा स्वतः मागे गेले. मधली सीट दुमडली, वाकले, एक पाय आत घातला आणि तसेच थांबले. पुढे जाता येईना, मागे येता येईना. यांनी हात दिला. "मग तिथं पोरं बसतील," आबा म्हणाले. पोरं बसली. मुलगी म्हणाली, "गुडघे हनुवटीला लागतात." आबांनी मागचं दार उघडलं. तिसऱ्या रांगेची पाठ आणि दाराची काच यांत जेमतेम दोन पिशव्या उभ्या राहतील एवढी जागा. आबा फिटर ना! त्यांनी त्या काचेवर बोट ठेवलं, मग नातवाच्या डोक्याकडे बघितलं. बोट आणि डोकं यांत वीतभर अंतर होतं. ते काही बोलले नाहीत. दार मात्र अगदी हळू लावलं.

"लहान गाडीत धाकट्याला मांडीवर घेऊ की," यांनी सुचवलं. इथं मात्र मी बाई झाले, घरातली नव्हे, शाळेतली. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगानं धावत असताना एकदम आदळून थांबली, तर तो दणका साधारण तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून, म्हणजे दहा मीटरवरून पडण्याएवढा असतो. वीस किलोचं मूल मांडीवर असेल, आणि गाडी एक-दशांश सेकंदात थांबली, तर त्या क्षणी ते मूल हातांना पावणेतीनशे किलोच्या आसपास वाटतं. सिमेंटच्या साडेपाच गोण्या! कुणाच्या बापाला धरता येतील? वडापच्या काळात आपण बचावलो, ते नशीब. गाडीत जेवढे पट्टे, तेवढीच माणसं. मागे बसलेल्यांनीही पट्टा लावायचा, तसा कायदाच आहे. आणि मागच्या मधल्या जागेचा पट्टा खांद्यावरून येतो की नुसता कमरेचा आहे, ते घेण्याआधी बघायचं.

सुरक्षेचे तारे मिळतात, तेही बघितले. आदळून घेतलेल्या परीक्षेत गाडी किती टिकली, त्याचे हे तारे. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉन ही ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी ठरली. ती आपल्याच जिल्ह्यात, रांजणगावला तयार होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची परीक्षा सुरू झाली. तिच्यात मोठ्यांसाठी वेगळे तारे आणि मुलांसाठी वेगळे. दोन्ही विचारा. प्रगतिपुस्तकात नुसता गणिताचा शेरा बघून चालतं का?

घरी येताना जंक्शनच्या फाट्यावर चहाला थांबलो. आबा कपबशी खाली ठेवून म्हणाले, "पाचाची घ्या."

मी म्हटलं, "आबा, आमच्यासाठी म्हणून नको. तुम्हाला मनापासून वाटत असेल तरच."

"तुमच्यासाठी न्हाई. पोरगं काचंला टेकून बसलेलं मला बघवना. आन माझी सोय सरकारनं आधीच करून ठेवलीय." त्यांनी खिशातून कार्ड काढलं. ऑगस्ट २०२२ पासून आपल्या राज्यात ७५ वर्षांवरच्या माणसांना एसटीचा प्रवास फुकट आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. "पन्नास खुर्च्यांची गाडी हाय माझी! डायवर सरकारचा, डिझेल सरकारचं. अकरा दिवस मी तिच्यातनं येतो."

"एकटे?" मुलगी म्हणाली. "मग मी पण येणार. मला खिडकी."

"न्हाई, मला," धाकटा.

भांडण लागलं! चहा संपेपर्यंत मिटेना. शेवटी तोडगा निघाला तो असा. लाल गोलाच्या दिवशी आबांबरोबर एसटीनं एकानं जायचं, पाळीपाळीनं. उरलेले चौघे गाडीत, आई पुढच्या सीटवर. आणि वर्षश्राद्धासारखा दिवस असेल, किंवा आबांना बरं नसेल, तर आबा गाडीत आणि एसटीची पाळी यांची. फार लांबचं असेल तर गावातली मोठी गाडी भाड्यानं सांगायची. पंढरपूरला जाऊन-येऊन गाडीवाला साडेतीन हजार म्हणाला. वर्षाच्या २६,००० मधून अशा सात फेऱ्या निघतात, हे धाकट्यानं बोटं मोजून सांगितलं. दुसरीतल्या मुलाच्या मानानं बरं आहे!

गाडी आली. कुठल्या कंपनीची, ते सांगत नाही, नाहीतर तुम्ही घरी जाऊन तीच मागाल. तुमच्या घरात माणसं वेगळी, रस्ता वेगळा. रंग पांढरा. काळ्या मातीचे शिंतोडे उठून दिसतात, म्हणून मुलं मला शाळेत चिडवतात.

नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर मुलीनं लाल गोल आधीच काढून ठेवले आहेत आणि प्रत्येकाखाली एसटीच्या पाळीचं नाव लिहिलंय. येत्या चंपाषष्ठीला जेजुरी आहे. बारामतीला गाडी बदलायची, पुढे मोरगावमार्गे. ती पाळी माझी. अर्ध्या तिकिटात! आबांनी मात्र आत्ताच बजावून ठेवलंय, खिडकी त्यांची.